मोरचुदाची निळाई

आज सातवीच्या तासाला मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे स्फटिक परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरले. शेवटच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, हे आमच्याकडे द्राक्षांवर फवारतात, चुन्याबरोबर." बरोबर, बोर्डो मिश्रण. मला फार बरं वाटलं.

नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, निळाई ओसरली, पांढरी भुकटी उरली. "गेलं ना आता, बाई?" एकीने हळहळून विचारलं. नळी पूर्ण गार होऊ दिली आणि ड्रॉपरने दोन थेंब पाणी सोडलं. निळा रंग परत! शिवाय तळ कोमट झालेला. ती ऊब प्रत्येकाने बोटाने पाहिली.

बर्फ वितळणं हा परिवर्तनीय बदल, दुधाचं दही होणं हा अपरिवर्तनीय, हे सगळ्यांना पाठ असतं. मला दाखवायचं होतं ते वेगळं: इथे गेलेलं परत द्यावं लागतं, कॉपर सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच. आच फारच वाढली, तर मात्र गंधकाची ऑक्साइडं उडून जातात, काळं कॉपर ऑक्साइड उरतं. मग कितीही पाणी घाला.

घंटा झाली तरी तो द्राक्षबागेतला मुलगा नळी खिडकीच्या उजेडात धरून उभा होता.