येना येथील प्रकाशपरीक्षा

जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत, चुनखडीच्या टेकड्यांनीं वेढलेलें येना हें सुमारें एक लाख वस्तीचें नगर आहे. संस्कृताच्या अभ्यासकांस तें अगदींच परकें नाहीं. पीटर्सबर्गच्या प्रसिद्ध संस्कृत कोशाच्या दोघां संपादकांपैकीं ओटो ब्योटलिंक हे १८६८ पासून १८८५ पर्यंत येथें राहत होते. त्या कोशाचा ऋणी नाहीं असा संस्कृताचा शिक्षक विरळाच. तेव्हां पुतणीचें बोलावणें येतांच आम्ही निघालों, ते या पंडिताच्या वास्तव्यभूमीस वंदन करावें म्हणून. परंतु तेथें आमचें लक्ष वेधून घेतलें तें एका इवल्याशा रोपाच्या मुळानें.

आमची पुतणी तेथील एका प्रयोगशाळेंत संशोधन करते. मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपाचें मूळ वाढतांना त्याच्या पेशी कशा हालचाल करतात, हा तिचा विषय. त्या पेशींत तिनें एक चमकणारें प्रथिन उतरविलें आहे. हें प्रथिन मूळचें समुद्रांतील एका जेलीमाशाचें. शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञानें १९६२ सालीं तें वेगळें काढलें आणि २००८ सालीं त्याबद्दल दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळविलें. त्यावर निळा प्रकाश टाकला असतां तें हिरवा प्रकाश परत देतें. यासच प्रतिदीप्ति म्हणतात. ही प्रतिदीप्ति टिपणारें नवें सूक्ष्मदर्शक यंत्र निवडण्याचें काम पुतणीवर सोंपविलें होतें. अनुदान एकदांच मिळणारें. निवड चुकली तर पुढील कित्येक वर्षें तीच चूक डोळ्यांस लावून बसावें लागणार! पोरीची झोंप उडाली होती.

यंत्रें पाहावयास जाण्यापूर्वीं तिनें आम्हांस विद्यापीठाच्या बाजूस असलेलें एर्न्स्ट आबे यांचें स्मारक दाखविलें. कार्ल झाइस यांनीं १८४६ सालीं या गांवीं लहानशी कर्मशाळा काढली. पुढें तिला आबे यांचें गणित आणि ओटो शॉट यांची कांच लाभली, आणि येना हें भिंगांचें माहेरघर झालें. स्मारकाच्या दगडावर आबे यांचें १८७३ सालचें सूत्र कोरलेलें आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीस भिंगाच्या प्रकाशग्रहणशक्तीच्या दुपटीनें भागिलें असतां जें उत्तर येईल, त्याहून जवळचे दोन बिंदु वेगळे दिसावयाचे नाहींत, असा त्याचा आशय. हिरव्या प्रकाशांत उत्तम भिंगाची ही मर्यादा मिलिमीटरच्या सुमारें साडेपांच हजाराव्या भागाइतकी येते. या मर्यादेस वळसा घालण्याच्या युक्तीही आतां निघाल्या असून त्यांबद्दल २०१४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल दिलें गेलें. साहजिकच प्रयोगशाळेंतील मंडळींचा ओढा अधिकांत अधिक बारीक दाखविणाऱ्या यंत्राकडे होता.

दोन दिवसांत तीन यंत्रें पाहिलीं. विक्रेत्यांचीं नांवें घेण्याचें कारण नाहीं. पहिल्यानें स्वतःचाच नमुना भिंगाखालीं ठेविला. काय तीं चित्रें! जणूं पैठणीचा पदर उलगडावा. आम्हीं तोंडभरून स्तुति केली. पुतणी मात्र हळूच म्हणाली, "काका, हा नमुना मेलेला आहे. रंगवून पक्का केलेला. त्याला काय, कितीही प्रकाश सोसेल." मग तिनें ओलसर डबींतून आपलें रोप काढलें. त्या यंत्रांत लेसरचा झोत बिंदूबिंदूनें फिरतो आणि सूक्ष्म छिद्रामुळें केवळ एकाच पातळीचा प्रकाश टिपला जातो. चित्र रेखीव आलें. परंतु अर्ध्या तासांत हिरवा रंग विटला आणि मुळाची वाढ थांबली. "प्रकाश थोडा वाढवा," असा त्या गृहस्थांचा सल्ला! ज्या प्रकाशानें तें मूळ दिसत होतें, त्याच प्रकाशानें तें पोळत होतें, हें आम्हां शाळामास्तरासही कळलें.

दुसरें यंत्र दिव्याचें व कॅमेऱ्याचें. तें सौम्य, स्वस्त आणि चपळ. परंतु जाड मुळाच्या वरखालच्या थरांचा प्रकाश एकांत एक मिसळून चित्र धुक्यांतल्या देवळासारखें दिसे.

तिसऱ्या यंत्रांत प्रकाशाचा पातळ पापुद्रा बाजूनें आंत शिरतो. जो थर पाहावयाचा तेवढाच उजळतो. बाकीचें मूळ अंधारांत स्वस्थ राहतें. तें पाहतांच आम्हांस माजघरांतील कवडसा आठवला. कवडशांत नाचणाऱ्या धूलिकणास आपल्या स्मृतिकारांनीं त्रसरेणु म्हटलें आहे. घरभर तेच कण असतात, पण बाजूनें उजेड आल्याशिवाय दिसत नाहींत. हीच युक्ति झीडेनटोप्फ व झिग्मोंडी यांनीं याच येना नगरींत १९०३ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकास लाविली होती. २००४ सालीं हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांनीं जिवंत गर्भांच्या प्रतिदीप्तीसाठीं तिला नवें रूप दिलें.

अडचणी होत्याच. रेखीवपणांत हें यंत्र पहिल्याहून उणें. रोप मऊ जेलींत उभें बसवावें लागे. शिवाय दर पांच मिनिटांस शंभर थर टिपले, तर दहा तासांत बारा हजार चित्रें. एकेक आठ मेगाबाइटचें धरलें तरी एका रात्रींत सुमारें शंभर गिगाबाइटांचा पसारा! तो सांठविण्याचा खर्च कोणत्याही दरपत्रकांत नव्हता. आम्हीं बारा हजारांचा हिशेब तोंडीं केला, एवढीच आमची या कामीं मदत.

पुतणीनें तिसरें यंत्र एक रात्रभर चालवून पाहण्याची परवानगी मागितली. सकाळीं आम्ही दोघें गेलों. पडद्यावर कांहींच नाहीं! आमच्या पोटांत धस्स झालें. मूळ मेलें कीं काय? तिनें चित्रें मागें नेलीं आणि एकदम हंसूं लागली. मूळ रात्रभर वाढत वाढत चित्राच्या चौकटीबाहेर निघून गेलें होतें.

"काका, आतां त्याच्या मागोमाग सरकणारी बैठक तेवढी मागायची," असें म्हणून ती लगेच अहवाल लिहावयास बसली. प्रयोगशाळेंतील मंडळींनीं तो मान्य केला. ब्योटलिंक यांच्या घराचा शोध मात्र राहूनच गेला. असो. त्याची रुखरुख फारशी वाटत नाहीं.