नव्याचे नव्वद दिवस

रत्नागिरी जिल्ह्यात कुणी साप पाळतो म्हटले तर ऐकणारा आधी हसेल आणि मग काठी शोधील. आमचे आणि सापाचे नाते काठीचे. एके काळी सरकार फुरशामागे बक्षीस देई, आणि डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या काही दिवसांत या जिल्ह्यात लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. कातळावर, दगडी गडग्यात, गवताच्या भाऱ्यात, जिथे हात घालावा तिथे ते असायचेच. तेव्हा सापाची प्रकृती कशी आहे, त्याला काही आजार तर नाही, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांना कधी पडला नसेल, यात नवल ते काय?

पण तो प्रश्न पडलेला एक मुलगा माझ्या दहावीच्या वर्गात आहे. वडील इथल्या कारखान्यात केमिस्ट. लोटे म्हणजे वर परशुरामाचा डोंगर आणि खाली रसायनांच्या टाक्या; त्यामुळे देशभरची माणसे इथे येऊन राहिली आहेत, आणि त्यांच्यामागून त्यांचे छंदही. या मुलाकडे बॉल पायथन आहे. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. भ्याला म्हणजे डोके मध्ये घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो. आपला नाग किंवा धामण घरी पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. या परदेशी पाहुण्याचीही आता सरकारदरबारी नोंद करावी लागते. ती त्याच्या वडिलांनी केली आहे. कागदपत्रांत हा माणूस पक्का.

आषाढात त्याने दुसरा अजगर आणला. मला वाटले, आता दोघांची जोडी पाहायला मिळणार. पण नवा पाहुणा थेट मागच्या पडवीतल्या खोलीत गेला. "सर, आपण नव्याचे नऊ दिवस म्हणतो ना? सापाच्या बाबतीत नव्वद," तो म्हणाला.

मी त्या खोलीत अनेकदा जाऊन बसलो. झाकणाची पेटी, लपायला एक खोके, पाण्याचे भांडे आणि तळाशी कोरा पांढरा कागद. जुन्या सापाखाली नारळाचा भुसा असतो, नव्याखाली नाही. कारण भुशात जे दडते ते कागदावर दिसते. मुलगा रोज आधी जुन्याचे सगळे करी आणि नव्याकडे शेवटी जाई. त्याचा चिमटा वेगळा, भांडे वेगळे, फडके वेगळे. आणि त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय घरातल्या कशालाही हात नाही. माझ्या आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. फरक एवढाच, की आजीला कारण विचारायची सोय नव्हती, आणि हा मुलगा न विचारताच कारण सांगे.

सतराव्या दिवशी पाण्याच्या भांड्यात खसखशीहून बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले. सापाच्या हनुवटीखालच्या खवल्यांत आणि डोळ्यांच्या कडेला ते होतेच. हा सापाचा गोचीड म्हणा ना! रक्त पितो आणि एका सापाचे दुखणे दुसऱ्याकडे नेतो. उबेत पंधरा-वीस दिवसांत अंड्याचा पुरा किडा होतो, म्हणजे आज एक दिसला तर महिन्याभरात घर भरलेच. वडील म्हणाले, "औषध लावलेस ना? मग ठेव की आता दोघांना जवळ, सोबत होईल." मुलगा म्हणाला, "बाबा, सापाला सोबत नको असते. ती आपल्याला हवी असते." आणि त्याने वहीतला सतराचा आकडा खोडून पुन्हा एक लिहिला.

गुरांचे डॉक्टर आधी हसले, पण विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्यांनी जंतांची अंडी दाखवली, आणि गाईच्या मात्रेवरून सापाची मात्रा अंदाजाने काढायला साफ नकार दिला. मला तो नकार फार आवडला. एक आजार तर असा आहे, की त्यात साप खाल्लेले उलटून टाकतो, मध्यावर फुगतो, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. त्याचे जंतू रोज विष्ठेत उतरतात असेही नाही. एक तपासणी स्वच्छ आली म्हणून भागत नाही. फुप्फुसाचे काही विषाणू महिनोन् महिने गप्प राहतात. म्हणून नव्वद, आणि काही जण तर सहा महिने थांबतात.

क्वारंटाइन हा शब्द मुळात व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीस दिवसांवरून आला. बंदरात शिरण्याआधी जहाजाने तेवढे थांबायचे. आपल्याकडे तो घरोघरी पोचला १८९६ नंतरच्या प्लेगात. त्या प्लेगावर १८९७ मध्ये मुंबईत लस केली ती हाफकिनने. परळला त्याच्या नावाने जी संस्था उभी आहे, तिनेच पुढे सर्पदंशावरची लसही केली. प्लेग आणि साप एकाच अंगणात आले ते असे.

आणि मग २०२०. त्या गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवस वेगळे राहायचे होते. आमची शाळाच त्यांचे बिऱ्हाड झाली. माझा थोरला भाऊ सातवीच्या वर्गात होता. आई फाटकापाशी डबा ठेवून मागे सरे आणि पदर तोंडाला लावून उभी राही. नियम योग्यच होता, मी आजही तेच म्हणेन. पण वाडीतल्या काहींनी त्या दहा दिवसांत मुंबईकरांची नावे घेणेही सोडले. "ते शाळेतले" एवढाच उल्लेख. मुदत संपून भाऊ घरी आला तरी शेजारच्या काकूंनी प्रसादाचे ताट उंबऱ्याबाहेरूनच सरकवले.

या मुलाने त्या सापाला पहिल्याच दिवशी नाव दिले होते. गोचीड निघाले तेव्हाही तो त्याला नावानेच हाक मारत होता, जरी सापाला ती ऐकू येत असेल की नाही याबद्दल आम्हा दोघांनाही शंका आहे.

परवा मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. "सर, एकसष्टावा दिवस. कात टाकली, अखंड निघाली, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट." मी म्हटले, "मग आता घे की आत." त्याने वही मिटली. "अजून एक तपासणी राहिलीय, सर," म्हणाला, आणि हात धुवायला नळाकडे गेला.