खांब नसलेला रंगमंडप

कोल्हापुरास जाणारा प्रवासी प्रथम अंबाबाईच्या पायांवर डोकें ठेवतो; आम्हींही तो परिपाठ मोडला नाहीं. परंतु पनवेलजवळच्या आमच्या कोन गांवाहून पहाटे निघून, बोरघाट चढून एवढा लांबचा पल्ला गांठला तो दुसऱ्याच एका वास्तूच्या ओढीनें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली, ही वार्ता वाचल्यापासून आमच्या मनास स्वस्थता नव्हती.

कांहीं महिन्यांनीं आम्ही तेथें गेलों. दगडी भिंती उभ्या होत्या. वरचें छप्पर मात्र गेलें होतें. बरोबरचा नातू म्हणाला, "आजोबा, हें पुन्हां बांधणार ना?" महापालिकेनें तें काम हातीं घेतलें होतें, पण काय बांधावयाचें, हें त्यास सांगणें आम्हांस प्राप्त झालें.

१९०२ सालीं छत्रपति शाहू महाराज युरोपास जाऊन आले. पुढें त्यांनीं मल्लांसाठीं खासबाग मैदान बांधिलें आणि त्यास लागूनच १९१३ सालीं नाट्यगृहाचें काम आरंभिलें. १९१५ सालीं तें 'पॅलेस थिएटर' या नांवानें उभें राहिलें. १९५७ सालीं त्यास कोल्हापूरचेच सुपुत्र केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर होता. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं, एकतिसाव्या वर्षीं, केशवराव निवर्तले. त्यांचा जन्म ९ ऑगस्टचा. म्हणजे आग लागली ती जयंतीच्या पूर्वरात्रीं!

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचे आजोबा नाटकवेडे; तथापि महाराजांचें नांव निघालें कीं ते गप्प होत. वेदोक्त प्रकरणाचा सल त्यांच्या मनांतून गेला नव्हता. कोल्हापुरास येऊनही त्यांनीं या नाट्यगृहांत कधीं पाऊल टाकिलें नाहीं. आमचे चुलते मात्र म्हणाले, "राग घरीं ठेवून चल." त्यांच्यासवें आम्हीं शेवटच्या रांगेंत बसून एक संगीत नाटक पाहिलें. नाटकाचा तपशील विसरलों. पण नटाचा चेहरा आणि आमची दृष्टि यांमध्यें कांहींही आड आलें नाहीं, हें विसरलों नाहीं. त्या प्रेक्षागृहांत एकही खांब नव्हता.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत रंगमंडपाचें विधान आहे. तेथें चार वर्णांचे चार स्तंभ सांगितले आहेत आणि वेदिकेचें रक्षण अग्नीकडे सोंपविलें आहे. संस्कृत शिकवितांना हा भाग आम्हीं कौतुकानें सांगत असूं. त्या दिवशीं मात्र मन खजील झालें. रक्षकानेंच मंडप गिळला होता. आणि ज्या राजास आमच्या घरानें दूर लोटलें, त्याच्या मंडपांत वर्णाचा तर सोडाच, कसलाच स्तंभ प्रेक्षकाच्या आड येत नव्हता!

व्हेनिस नगरींत 'फेनीचे' नांवाचें विख्यात नाट्यगृह आहे. फेनीचे म्हणजे राखेंतून पुन्हां जन्मणारा पक्षी. तें १८३६ सालीं जळालें व पुन्हां उभें राहिलें. जानेवारी १९९६ मध्यें पुन्हां भस्म झालें. तेव्हां नगरवासीयांनीं 'जसें होतें तसें, जेथें होतें तेथें' असा निर्धार केला, आणि डिसेंबर २००३ मध्यें त्याचीं द्वारें पुन्हां उघडलीं.

नातवास आम्हीं एवढेंच सांगितलें, "बाळ, आग विझविण्याचीं साधनें नवीं हवींत, विजेच्या तारा नव्या हव्यात, पण शेवटच्या रांगेंतल्या माणसाच्या डोळ्यांआड खांब येतां कामा नये."

निघतांना आम्हीं त्या काळवंडलेल्या दगडांस बाहेरूनच नमस्कार केला. एक आमचा, आणि एक आजोबांचा राहिलेला.