महूच्या पलीकडची गावे

१४ एप्रिलला महूला जाणाऱ्या आपल्या माणसांना आता तिथली वाट सांगावी लागत नाही. नाशिक-खानदेशकडचे लोक आग्रा रोडने सेंधव्यावरून मानपूरचा घाट चढून येतात. वऱ्हाडातले बुरहानपूर-खंडव्यावरून येतात; पूर्वी अकोल्याहून खंडव्यामार्गे थेट महूपर्यंत छोट्या लाइनची गाडी होती, तिच्या आठवणी जुनी माणसे अजून काढतात. जन्मभूमीच्या स्मारकात वंदन करायचे, मांडवात जेवायचे, पोराबाळांसाठी फोटो आणि बिल्ले घ्यायचे आणि रात्रीच परत फिरायचे, हा बहुतेकांचा क्रम असतो.

या खेपेस आम्ही एक दिवस जास्त राहिलो. ज्या इंदूर जिल्ह्यात महू आहे, त्याच जिल्ह्याच्या काही खेड्यांत २०११ आणि २०१२ साली एक प्रयोग झाला होता. गावातल्या प्रत्येक माणसाला दरमहा रोख पैसे, कसलीही अट नाही. स्त्रियांच्या ‘सेवा’ संघटनेने तो राबवला, युनिसेफने पैसा दिला. आठ गावे आणि एक आदिवासी गाव, मिळून सहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. शेजारच्या तशाच गावांना पैसे न देता नुसती पाहणी केली, म्हणजे दोन्हींतला फरक कळावा. असे पैसे शेतकरी घरात काय करतात, हे ऐकावे म्हणून आम्ही गेलो.

एप्रिलचा माळवा पाहण्यासारखा नसतो. गहू निघून गेलेला, काळी रानं उघडी पडलेली, कुठे लसूण वाळत घातलेला. पाऊस पडला की इथे सोयाबीन, थंडीत गहू, हरभरा, बटाटा. आपल्या वऱ्हाड-मराठवाड्याच्या माणसाला जमीन ओळखीची वाटते आणि माणसांचे हालही. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण तिथल्या बायाबापड्यांनी घरातल्या पैशाचे बोलणे आमच्याशी मोकळेपणाने केले.

ज्या माँजींच्या ओट्यावर आम्ही बसलो त्यांची जमीन अडीच बिघे, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड एकराच्या आसपास. तेव्हा घरात त्या, त्यांचे मालक, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मोठ्या माणसाला २०० आणि लहान मुलाला १०० असा पहिला दर होता. या घराला महिन्याला १००० रुपये बसले. पुढे दर ३०० आणि १५० झाला, तेव्हा १५००. मुलांचे पैसे आईच्या हाती देत. सुरुवातीचे काही महिने रोख हातात, नंतर ज्याच्या त्याच्या खात्यावर. सासूचे वेगळे, सुनेचे वेगळे. या एका गोष्टीवर घरात महिनाभर धुसफूस चालली, असे माँजी हसत म्हणाल्या. मालकांना वाटे, सगळे पैसे कुटुंबप्रमुखाकडे यावेत. ते काही झाले नाही.

त्याआधी पेरणी कशी व्हायची? बियाणे आणि खत बाजाराच्या गावातल्या दुकानातून उधार. माल निघाला की त्याच व्यापाऱ्याला घालायचा, काटा त्याचा, भाव त्याचा. घरात खायला धान्य कमी पडले तर एक पोते उसने आणि सुगीला दीड पोते परत. मालकांच्या दुखण्यात कर्ज झाले होते, ते फेडण्यासाठी मुलगा एका मोठ्या शेतकऱ्याकडे नौकर राहिला होता. तिकडचा नौकर म्हणजे आपल्याकडचा सालगडी. पाडव्याला साल ठरते, उचल घेतली जाते, आणि पुढच्या पाडव्याला हिशेब केला तर उचल शिल्लकच असते. हे आमच्यातल्या अनेकांच्या घरात घडलेले आहे. माँजींना फार समजावून सांगावे लागले नाही.

पैसे सुरू झाल्यावर पहिले चार-सहा महिने ते पोटात आणि औषधात गेले. डाळ, भाजी, नातवाचा ताप. शहरातली शहाणी माणसे अशा वेळी म्हणतात, गरिबाने पैसे खाऊन टाकले. खायलाच कमी होते, तर दुसरे काय करायचे? पाहणी करणाऱ्यांनी पुढे लिहिले आहे की या गावांतल्या लहान मुलांची वजने सुधारली, मुलींची तर जास्तच. दारूवरचा खर्च वाढला नाही. हे दुसरे वाक्य आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आपल्या वस्त्यांबद्दल हीच शंका सर्वात आधी काढली जाते.

दुसऱ्या पेरणीला माँजींनी निम्मे बियाणे रोखीने आणले. “दुकानदार तोच, खत तेच,” त्या म्हणाल्या, “पण रोख असलं की भाव विचारता येतो. उधारीवाल्यानं भाव विचारायचा नसतो.” मग दोन शेळ्या घेतल्या. साल संपल्यावर मुलाने पुन्हा उचल घेतली नाही. थोडे कर्ज राहिले होते, ते हप्त्याने फेडले. आपल्या रानात आपण राबायचे आणि उरलेल्या दिवसांत रोजंदारी करायची, असे त्यांचे ठरले. नात पाचवीनंतर घरी बसणार होती, ती शेजारच्या गावच्या शाळेत गेली.

हे एका घरापुरते नव्हते. या प्रयोगावर सरथ डवला, रेनाना झाबवाला, सौम्या कपूर मेहता आणि गाय स्टँडिंग यांनी २०१५ साली पुस्तक काढले. मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे आणि छोट्या धंद्याकडे वळणे, जनावरे वाढणे, मुलींचे शाळेत टिकणे, सालगड्याच्या बंधनातून सुटणे या गोष्टी त्यांना दिसल्या. आदिवासी गावात फरक अधिक जाणवला.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. तेव्हा सगळे म्हणत होते की शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी दाखवले की तुकडा लहान की मोठा हे नुसते क्षेत्रावरून ठरत नाही. त्यावर घालायला भांडवल आणि अवजारे किती आहेत, यावर ठरते. जमिनीवर फार माणसे लटकलेली आहेत, त्यांना उद्योगधंद्यात काम हवे, हाही त्यांचा मुद्दा होता. ओट्यावर बसून आम्हाला तो निबंध आठवला. माँजींचे अडीच बिघे दोन वर्षांत वाढले नव्हते. हातचा पैसा वाढला होता.

मात्र सगळे गोड सांगणे बरे नव्हे. २०१२ च्या अखेरीस पैसे बंद झाले. प्रयोगच होता, संपायचाच होता. नंतर एका साली सोयाबीन पावसाने काळे पडले, दोन शेळ्या विकाव्या लागल्या. रोख पैशाने विहिरीला पाणी लागत नाही आणि मंडीचा भाव वाढत नाही. मुलगा आता पीथमपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो. पण तो सावकाराच्या दारी परत गेला नाही, हे माँजींनी दोनदा सांगितले.

आता आपल्याकडे पाहू. केंद्राची पीएम-किसान योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. महाराष्ट्र सरकारने २०२३ पासून ‘नमो शेतकरी’चे आणखी ६००० घातले. महिन्याला १००० रुपये झाले. हा पैसा पेरणीला उपयोगी पडतो, यात वाद नाही. पण तो कुणाला? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. बटईने करणाऱ्याला नाही, मजुराला नाही, गायरान कसणाऱ्याला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली लाखो माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांच्या नातवंडांपैकी कितीतरी जणांना सरकारी कागदावर आजही शेतकरी म्हणत नाहीत.

आमच्या बसमध्येच दोन बहिणी होत्या, वाशीमकडच्या. धाकटीला दादासाहेबांच्याच नावाच्या स्वाभिमान योजनेत, ती २००४ साली सुरू झाली, चार एकर कोरडवाहू जमीन मिळालेली. तिला किसानचे हप्ते येतात. त्यामुळे लाडकी बहीणचे १५०० न मिळता ५०० मिळतात, ही तिची तक्रार. थोरल्या मावशी तीस-पस्तीस वर्षे गायरान कसतात. खत तेच लागते, तूर तीच पिकते, दुष्काळही तोच. त्यांना किसानचा हप्ता नाही. लाडकी बहीणचे १५०० येत होते, पण अंगठा उमटत नाही म्हणून केंद्रावर तीन फेऱ्या झाल्या. खुरपे धरून धरून बोटांच्या रेघा गेलेल्या. ज्याने काम केले त्याचाच अंगठा यंत्राला पटत नाही, हे आम्ही अनेक गावांत पाहिले आहे.

मावशींनी माँजींना विचारले, तुमच्याकडे पैसे देताना कागद कोणते मागितले? आमच्यातल्या एकाने हिंदीत सांगितले. माँजींना प्रश्नच नीट कळेना. जमिनीचे कुणी विचारले नव्हते, त्या म्हणाल्या. घरात माणसे किती ते विचारले, आणि पुढे बँकेत खाते उघडायला लावले. ज्यांच्याकडे रानच नव्हते त्या शेजारणीलाही तितकेच मिळाले. पाटलाच्या घरालाही मिळाले.

त्यावर बसमध्ये परतताना बराच वेळ हिशेब चालला. मावशींच्या घरात पाच मोठी माणसे आणि तीन मुले. माळव्यातल्या दुसऱ्या दराने महिन्याला १९५०. एवढ्यात बी भागेल, खत नाही, असे एक म्हणाली. आधी किराणा दुकानाची वही मिटवीन, असे मावशी म्हणाल्या.

१४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ सालचा आहे. मावशींचा अर्ज त्याच आधारावर तहसीलमध्ये पडून आहे. कसत असल्याचा पुरावा म्हणजे जुन्या दंडाच्या पावत्या, अतिक्रमण केले म्हणून भरलेल्या. त्या पावत्या आणि अर्जाची पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मावशी महूपर्यंत घेऊन आल्या होत्या. घरी ठेवल्या तर उंदीर कुरतडतात, म्हणाल्या.