शेकडा पाचचा पावसाळा

गोंदिया,
आषाढ वद्य



परवा फोनवर मी एकदम गप्प झालो आणि तू 'हॅलो, हॅलो' करत राहिलास. फोन कटला नव्हता, मलाच बोलवत नव्हतं. आपल्याकडे भाच्याच्या पाया पडायची रीत. तुला कठोर बोलायची माझ्या जिभेला सवय नाही. म्हणून लिहितो. हे पत्र ताईला दाखवलंस तरी चालेल. किंबहुना दाखवच.

तू विचारलंस एवढंच, की पैसे देताना दागिने ठेवून घ्यावेत का. उत्तर 'नाही'. पण त्या प्रश्नामागून जे कळलं त्याने मी हादरलो. आषाढी एकादशी झाली, आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. तुझ्या मंडपाच्या धंद्यातल्या कनाती घडी होऊन माळ्यावर गेल्या, अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, लगीनसराईचा पैसा घरात आहे, आणि रोवणीची मजुरी भागवायला पैसे मागणारी माणसं दाराशी येतात. तू त्यांना महिन्याला शेकडा पाचने देतोस. वर मला आनंदाने सांगतोस, 'मामा, औंदा ऑफ सीझनलाही कमाई सुरू झाली.'

बाळा, ही कमाई कुठून येते ते एकदा हिशेबाने बघ. आज कुणी तुझ्याकडून दहा हजार नेले. तो फेडणार धान विकल्यावर, म्हणजे मार्गशीर्षात. पाच महिन्यांचं व्याज झालं अडीच हजार. 2025-26 साठी साध्या धानाचा सरकारी भाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे एक क्विंटलहून जास्त धान, चिखलात वाकून लावलेलं, कापलेलं, चुरलेलं, नुसतं तुझ्या व्याजात गेलं. मुद्दल वेगळंच. किसान क्रेडिट कार्डावर वेळेवर फेडलं तर वर्षाला शेकडा चारने पैसे मिळतात. मग हा माणूस तुझ्याकडे का येतो? ज्याच्या नावावर सातबारा किंवा खसरा आहे तो बँकेत जातो. तुझ्या दाराशी येतो तो दुसऱ्याची बांधी बटईने करणारा. सगळ्यांत कमी ज्याच्याकडे आहे, त्यालाच तू सगळ्यांत महाग पैसा देतो आहेस.

कायद्याचंही ऐकून ठेव. तुझं किरनापूर नागपूरच्या मध्य प्रांतात होतं तेव्हा, 1934 साली, सावकारीचा कायदा झाला. 1956 ला राज्यं बदलली, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि तो कायदाही तिकडे राहिला. सावकारीला नोंदणी लागते, कर्जदाराला हिशेब द्यावा लागतो. तुझ्याकडे नोंदणी नाही. आहे ती शाळेतली दुरेघी वही. पण पोलिसांच्या भीतीने तू थांबावंस असं मला वाटत नाही. तुला कळून थांबावंस असं वाटतं.

काय कळून? हंगामी धंदा करणाऱ्याचे वाईट महिने आणि त्याच्या गिऱ्हाइकाचे वाईट महिने एकच असतात. हे मी आयुष्यभर बघत आलोय. तुझ्या भागात सगळं धानावर चालतं. धान घरात आलं की लग्नं निघतात, बँड ठरतो, टेलर रात्रभर मशीन चालवतो, सोनाराकडे गर्दी होते, आणि तुझ्या खुर्च्या गावोगाव फिरतात. पावसाळ्यात सगळ्यांचेच हात रिकामे होतात, कारण सगळ्यांचा पैसा जमिनीत पुरलेला असतो. तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे बियाण्याखताला गेलेले असतात. त्या महिन्यांत तू त्यांच्याकडूनच उत्पन्न काढलंस, तर वैशाखात ते तुझा शामियाना कुठून लावणार? तू उद्याच्या लग्नाचा मंडप आजच विकून खातो आहेस.

वडशाकडे बघ. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. धान आलं की मंडई भरते, शंकरपट होतात, रात्र-रात्र नाटक चालतं. लोकांच्या हातात चार पैसे असतात म्हणून तिकिटं खपतात. पीक बुडालं की त्याची झळ पडद्यामागेही लागते. होळीनंतर त्यातले कितीतरी नट परत शेतात, मजुरीवर, कुणी दुकानावर. डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तो मान या रंगभूमीचा आहे. एवढ्या थोड्या महिन्यांच्या धंद्यावर ती उभी राहिली, कारण तिने बाकीच्या महिन्यांतलं काम कमीपणाचं मानलं नाही. भाऊजींनी तरी दुसरं काय केलं? मागे एकदा धंदा बसला होता. तेव्हाही त्यांनी व्याजाला हात लावला नाही. ताईला विचार.

'मग करू काय, माळ्यावर बसू?' असं म्हणशील. बसू नकोस. तुझ्याकडे जे सामान आहे, जी माणसं आहेत, त्यांनाच काम शोध.

आधी साधं. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, पण तेरवी कुठे मुहूर्त बघते? घरात माणूस गेलेला असताना ताडपत्री, पातेली, सतरंज्या वाजवी भाड्यात वेळेवर पोचवणारा माणूस लोक जन्मभर लक्षात ठेवतात. पंधरा ऑगस्ट, गणपती, दुर्गा, शारदा, मग मंडई. या सगळ्या मंडळांकडे आत्ताच, पोळ्याच्या आधी, जाऊन ये. अक्तीचं लग्न ठरलेलं असेल तर आज थोडी रक्कम घेऊन भाड्यात सूट दे. तुला हातात पैसा, त्यांना स्वस्त मंडप, आणि व्याज कुणालाच नाही. कापणीच्या वेळी अवेळी पाऊस आला की ताडपत्रीसाठी धावाधाव होते. शेतकऱ्याला ती दिवसाच्या भाड्याने दे. डिसेंबरात धानखरेदी सुरू झाली की केंद्रांवर सावली, खुर्च्या, झाकायला ताडपत्री लागतेच. समितीच्या लोकांना दसऱ्याआधी भेटून ठेव.

आता माझ्या मनातली गोष्ट. बांधीबांधीत तणस पडलेलं असतं. अर्धं गाई खातात, अर्धं जळतं. त्यावर धिंगरी अळिंबी होते, आणि तिला हवं असतं ते तुझ्या पावसाळ्यात फुकट मिळतं: दमट हवा, फार थंडी नाही, फार ऊन नाही. तणस कापायचं, भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशव्यांत थरावर थर बी टाकून भरायचं आणि अंधाऱ्या खोलीत टांगायचं. तीन-चार आठवड्यांत पहिला तोडा. पाणी तापवायला मोठा गंज आणि भट्टी तुझ्याकडे, पिशव्या टांगायला पाइप तुझ्याकडे, लग्नाच्या जेवणाने जोडलेले आचारी आणि हॉटेलवाले तुझ्याकडे. पावसात सात्या शोधायला जंगल तुडवणारी माणसं तुझी गिऱ्हाइकं, त्यांना अळिंबी खायला शिकवावी लागणार नाही. एक गंज तेवढ्यासाठीच वेगळा ठेव, लग्नाच्या भाताला तो परत लावू नकोस. खोलीत जाताना तोंडावर रुमाल बांध. तिच्या बारीक धुळीने खोकला होतो आणि तुझी छाती लहानपणापासून नाजूक. ताजी अळिंबी दोन दिवसांत खराब होते, म्हणून गिऱ्हाइकाशी आधी बोलून मगच पिशव्या वाढव. उरली तर वाळव. आधी बालाघाटच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन शीक. दहा-वीस पिशव्यांनी सुरुवात कर, शंभरांनी नको. यातून बंगला होणार नाही, पण चार महिन्यांची मीठमिरची निघेल, आणि त्यापेक्षा मोठं काम होईल: तुझी कामावरची पोरं गावात राहतील.

खरी काळजी मला त्या पोरांचीच लागली आहे. खांब रोवणारी, दोरी ओढणारी, रात्री दोनला झालर लावणारी ती आठ-दहा पोरं. मुहूर्त संपले की तू त्यांना 'कार्तिकात या' म्हणतोस. ती नागपूरला जातात, हैदराबादला जातात, सेंट्रिंगच्या कामावर चढतात. त्यातली सगळी परत येतीलच असं नाही, आणि आली तरी तुझ्याकडेच येतील असं कोण म्हणेल? शामियाना पैशाने परत घेता येतो, वाऱ्यात खांब कुठून सुटतो हे हाताला कळणारा पोरगा घेता येत नाही. पावसाळ्यात त्यांना निम्मं काम दे, निम्मी मजुरी दे, पण दे. झालरी शिवायला, खुर्च्यांचे पाय दुरुस्त करायला, उघाड मिळेल तेव्हा कनाती वाळवायला माणसं लागतातच. नाहीतर बुरशी आणि उंदीर तुझं भांडवल खाऊन टाकतील. मागच्या भाद्रपदात माळ्याचा तो वास मला आला होता. तेव्हा काही बोललो नाही, आज बोलतो.

आणि बाळा, तू कुणाकुणाला पैसे दिलेस ते मला सांगितलं नाहीस. त्यात तुझ्याच पोरांपैकी कुणी आहे का? असेल तर आजच त्याचं व्याज सोड. जो माणूस तुझ्या हाताखाली कमावतो आणि तुलाच व्याज देतो, तो तुला 'नाही' म्हणू शकत नाही. पुढच्या वर्षी मजुरी ठरवताना तू त्याला आणखी दाबशील, आणि दाबतोय हे तुझ्या लक्षातही येणार नाही. बाकीच्यांनाही निरोप दे, मुद्दल तेवढं धान विकल्यावर आणून द्या. एखाद्याचं मुद्दलही बुडेल. बुडू दे. मागे एका लग्नात किती बुडालं होतं, तरी आपण जगलोच ना?

दागिने घेतले नसशील अशी आशा आहे. घेतले असशील तर हे पत्र वाचून झाल्यावर, दिवस मावळायच्या आत, ज्याचे त्याला पोचवून ये. ताईला सोबत ने. कुणाच्या घरातली बाई पोळ्याला मोकळ्या गळ्याने बसली तर गाव आधी तिच्या नवऱ्याला हसतं, मग तुला शिव्या देतं, आणि ताईला त्याच गावात उरलेलं आयुष्य काढायचं आहे. अळिंबीच्या शिक्षणाला मी बरोबर येईन. पण दागिन्यांचं आधी. झालं की लगेच फोन कर. रात्री कितीही उशीर झाला तरी मी जागा असेन.

तुझा,
मामा