प्रकाशाचा हिशेब बाटलीतच ठरतो

ऑगस्ट २०१९ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या उजेडाने चमकल्या. तो उजेड नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा होता. निसर्ग इतक्या सढळ हाताने प्रकाश देत असताना तो प्रयोगशाळेत घडवायचा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर काजव्यापाशी मिळते. १९५७ साली बिटलर आणि मॅकेलरॉय यांना सुमारे १५,००० काजव्यांतून ९ मिलिग्रॅम ल्युसिफेरिन, म्हणजे उजेड देणारा रेणू, मिळाले. ल्युसिफेरिनपासून उजेड काढणाऱ्या ल्युसिफरेज या विकराचे काजव्यातले जनुक घातलेल्या पेशींची गाठ उंदरात पाहायची, तर दर किलो वजनामागे साधारण १५० मिलिग्रॅम ल्युसिफेरिन टोचतात. म्हणजे ती सगळी मिळकत २५ ग्रॅमच्या एका उंदराला दोनदा पुरली असती. तेव्हा संश्लेषणाला पर्याय नाही. आणि गाठीच्या उजेडाची प्रतिमा खरी की फसवी, हे कॅमेऱ्याच्या आधी या संश्लेषणातच ठरते, असे मी मानतो.

शेवटची पायरी दिसायला सोपी आहे: सायनो-हायड्रॉक्सीबेंझोथायाझोल आणि डी-सिस्टीन किंचित अल्कधर्मी द्रावणात एकत्र आले की अमोनिया सुटतो आणि वलय बंद होते. पण अल्कली वाढली किंवा वेळ लांबला, तर तयार झालेला डी-ल्युसिफेरिनचा रेणू त्याच्या आरशातल्या रूपात, एल-ल्युसिफेरिनमध्ये बदलू लागतो. पुढे साठवणीत हवा लागली की डीहायड्रोल्युसिफेरिन बनते. म्हणून आम्ही नायट्रोजनखाली काम करतो आणि चेन्नईच्या दमट हवेत तर गोठवलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही. थोड्या भेसळीने प्रकाश थोडा कमी होईल, एवढेच ना, असे कुणी म्हणेल. तसे नाही. हे दोन्ही रेणू ल्युसिफरेजमधली जागा अडवतात आणि चांगल्या रेणूचाही उजेड दाबतात. गाठीवरचे औषध तपासताना पुढच्या आठवड्यातली बाटली जास्त अशुद्ध असेल, तर गाठ तेवढीच असूनही लहान दिसेल आणि श्रेय औषधाला जाईल. औषध न दिलेल्या नियंत्रण गटालाही तीच बाटली दिली की चूक दोन्हीकडे सारखीच होईल, हा आक्षेप एका दिवसाच्या तुलनेपुरता बरोबर आहे. मात्र या पद्धतीचे मोल एकाच प्राण्याला आठवडेच्या आठवडे, त्याचा जीव न घेता, पाहता येण्यात आहे. तिथे आजचा आकडा मागच्या आठवड्याच्या आकड्याशेजारी ठेवायचा असतो. म्हणून डी-एलचे प्रमाण आणि साठवणीची नोंद प्रत्येक प्रतिमेसोबत छापली गेली पाहिजे. त्याशिवाय त्या आकड्यांवर औषधाचा निर्णय घेऊ नये.