तिकिटाचा हिशेब

परदेशात पर्यावरण परिषद भरली, की आमच्या इंदुरात पोह्यांच्या दुकानापाशी शेरा ठरलेला : ‘चालले साहेब आपल्या पैशानं फिरायला!’

मला तो अर्धाच पटतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या ठरावात कोळसा ‘बंद करणे’ऐवजी ‘कमी करणे’ असे शब्द आले, ते भारताने शेवटच्या क्षणी आग्रह धरला म्हणून. अशा ठिकाणी आपली खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही.

पण २०२३ च्या दुबई परिषदेला जगभरातून ८० हजारांवर माणसं जमली. त्यातली वाटाघाटींना किती बसली असतील?

केंद्राच्या २०१२ च्या सूचनेनुसार मंत्री, सहसचिव आणि त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांचा खर्च दर तिमाहीला जाहीर करायचा असतो. म्हणजे गेलं किती ते कळतं. आलं काय ते नाही.

लग्नाला जाऊन आलेला माणूसही घरी सगळं सांगतो. साहेब दिल्लीचे असोत की भोपाळचे, परतल्यावर त्यांनी साध्या भाषेत एक पान लिहावं : काय ठरलं, आणि आमच्या सिरपूर तलावाला त्यातलं काय उपयोगी. तेवढं मिळालं, तर तिकिटाबद्दल कुरकुर करणार नाही.